घरात गाणं मोठ्यानं वाजलं पाहिजे

‘आमच्या पोराला चांगलं काही ऐकायलाच नको असतं’ ही तक्रार नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये ऐकू येते, तशीच सिडकोतल्या रो-हाउसमध्ये आणि सातपूरच्या कामगार वस्तीतही. ‘चांगलं’ म्हणजे काय, ते घरागणिक बदलतं. कुणाच्या मनात भावगीतं असतात, कुणाच्या मनात जुनी हिंदी गाणी, कुठे भीमगीतं, कुठे काकड्याचे अभंग. तक्रार मात्र सगळीकडे एकच. अशा आई-वडिलांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. तुमचं सगळ्यात आवडतं गाणं मुलाच्या कानावर शेवटचं कधी पडलं? बहुतेकांना उत्तर सुचत नाही. कारण ते गाणं सकाळी जॉगिंग ट्रॅकवर इयरफोनमध्ये वाजतं, अंबडच्या कंपनीत जाताना बसमध्ये वाजतं, रात्री सगळे झोपल्यावर उशाशी वाजतं. घरात ते वाजतच नाही.

मुलांच्या आवडीची चर्चा निघाली की बोट जातं ते मुलांच्या कानातल्या इयरफोनकडे. आधी काढायला हवा तो आई-वडिलांच्या कानातला, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. आवड उपदेशानं लागत नाही आणि क्लास लावूनही लागत नाही. घरातलं माणूस स्वतःच्या आनंदासाठी जे ऐकतं किंवा गुणगुणतं, ते आजूबाजूला खेळणाऱ्या मुलाच्या कानात नकळत मुरतं. स्वस्त इयरफोन आणि प्रत्येकाच्या हातातला फोन यांनी ही वाट गेल्या दहा-पंधरा वर्षांत बुजवून टाकली. ती पुन्हा मोकळी करता येते, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

आई-वडिलांची आवड मुलांत उतरते हे नुसतं वाटण्यावर सोडायची गरज नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रुमहान्सल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातली, त्या त्या वर्षी सर्वांत गाजलेली गाणी ऐकवली आणि कोणती ओळखीची वाटतात, कोणती आवडतात, कोणत्या गाण्याशी आठवणी जोडलेल्या आहेत, ते विचारलं. स्वतःच्या काळातली गाणी वर येणारच होती. पण १९८०च्या आसपासची गाणीही ठळकपणे वर आली. ती या मुलांच्या जन्माआधीची, त्यांच्या आई-वडिलांच्या तरुणपणातली. त्याहून मागे, १९६०च्या दशकातल्या गाण्यांपाशीही आलेखावर एक लहानसा उंचवटा दिसला. ती बहुधा आजी-आजोबांच्या घरून आलेली असावीत.

नेदरलँड्समध्ये ३२५ किशोरवयीन मुलं आणि त्यांचे दोन्ही पालक यांच्या आवडी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या गेल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अभिजात संगीताची ओढ असलेल्या घरांतल्या मुलांना तशा संगीताची ओढ दिसली. पॉप ऐकणाऱ्या आई-वडिलांची मुलं पॉप आणि नाचाच्या संगीताकडे झुकली. रॉकच्या बाबतीत मात्र पालकांची आवड मुलींमध्ये उतरली, मुलांमध्ये नाही. म्हणजे वारसा आहे, पण तो आपोआप नावावर चढत नाही. शिक्षणाचाही त्यात वाटा असतो. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, नातं तेवढं दिसतं, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

कारणाच्या जवळ नेणारा प्रयोग वेगळाच आहे, आणि तो फार बोलका आहे. हार्वर्डच्या सॅम्युअल मेहर आणि सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांवर तो केला; २०१६ साली तो छापून आला. काही बाळांना आई किंवा वडिलांनी आठवडा-दोन आठवडे एक नवीन गाणं म्हणून दाखवलं. काहींना तेच गाणं खेळण्यातून वाजत ऐकू आलं. काहींना एका प्रेमळ पण अनोळखी बाईनं पडद्यावरून म्हणून दाखवलं. नंतर दोन अनोळखी माणसं बाळापुढे आली. एक ते ओळखीचं गाणं म्हणणारं, दुसरं वेगळं गाणं म्हणणारं. आई-बापाच्या तोंडून गाणं ऐकलेली बाळं ओळखीचं गाणं म्हणणाऱ्या माणसाकडे जास्त वेळ पाहत राहिली. खेळण्यातून किंवा पडद्यावरून ऐकलेल्या बाळांनी तसं केलं नाही. गाणं तेच होतं. फरक होता ते कुणाकडून आलं याचा.

‘पण आमचा गळा चांगला नाही’ असं यावर लगेच ऐकू येतं. बाळ सुरांची परीक्षा घेत नाही. पाळण्याशी रोज तेच एक गाणं, त्याच ठरलेल्या वेळी, फोन बाजूला ठेवून म्हटलं तर पुरे. नवीन काही शोधायला नको. आजीची अंगाई, आरती, शाळेतली कविता, काहीही चालेल. चूक होते ती बाळ रडलं की पडद्यावर बालगीतं लावून फोन पाळण्याला टेकवण्यात. त्यानं बाळ गप्प होतं हे खरं, पण ते चित्राकडे बघून.

याच ओघात पोटातल्या बाळाला संगीत ऐकवण्याच्या सीडी आणि कोर्सबद्दल बोलायला हवं, कारण नाशिकमध्येही त्यांचा बाजार आहे. गर्भातल्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येतं हे खरं. १९८८ साली बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी दाखवलं की, गरोदरपणात आई रोज जी टीव्ही मालिका पाहायची तिची धून नवजात बाळ ओळखतं. पण पुढे ती धून कानावर पडली नाही, तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत ही ओळख मावळलेली दिसली. ‘मोझार्टनं बुद्धी वाढते’ हा समज तर १९९३च्या ज्या प्रयोगावरून निघाला, तो ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. पोटावर हेडफोन ठेवू नये. बाहेरचा आवाज आत जाताना त्यातले बारीक, उंच स्वर गळून पडतात, लय आणि चढउतार तेवढे पोहोचतात. आईचा स्वतःचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच पोहोचतो. आई गुणगुणली की काम झालं.

या वयात दडलेली खरी मोठी गोष्ट तालाची आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ साली उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन प्रदेशातली, सात-सात मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, विषम चालीची गाणी ऐकवली. सहा महिन्यांच्या बाळांना त्या चालीत कुठे बिघाड केला ते कळत होतं. वर्षाच्या बाळांना कळेनासं झालं. त्यांचा कान घरात वाजणाऱ्या समसमान ठोक्यांना जुळून गेला होता. पण त्यांना घरी दोन आठवडे, रोज थोडा वेळ, तसलं संगीत ऐकवल्यावर ती जाण परत आली. मोठ्या माणसांना तेवढंच ऐकवून तेवढा फायदा झाला नाही.

आपल्या घरांसाठी याचा अर्थ काय? आपल्याकडे रूपक ताल सात मात्रांचा, झपताल दहा मात्रांचा, दीपचंदी चौदा मात्रांचा. भावगीतांत आणि नाट्यगीतांत रूपक, झपताल मुबलक आहेत. आज मुलांच्या कानावर पडणारं बहुतेक संगीत चार-चारच्या एकाच ठोक्यात असतं. ते वाईट नाही. पण घरात दुसरं काहीच वाजलं नाही, तर दहाव्या वर्षी क्लासमध्ये झपताल समोर आला की मुलाला तो गणितासारखा मोजावा लागतो. ज्याच्या घरी तो वाजत होता त्याला मोजावा लागत नाही. पाच मिनिटांचा एक खेळ घरी करता येतो. रूपकातलं गाणं लावायचं. ‘ती ती ना’ला पहिल्या मात्रेवर हात हवेत सोडायचा, मग चौथ्या मात्रेवर ‘धी ना’ला टाळी, सहाव्यावर पुन्हा ‘धी ना’ला टाळी. तीन, दोन, दोन. चार-पाच वर्षांचं मूल हे दोन-तीन दिवसांत धरतं. त्याला रूपक हे नाव सांगायचीसुद्धा घाई करू नये.

इथे फोनच्या स्पीकरचा दोष सांगितलाच पाहिजे, कारण तो फार थोड्या पालकांच्या लक्षात येतो. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. खालचे, भरदार आवाज त्याच्यातून निघतच नाहीत. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा, घुमारा, पखवाजाचा खालचा नाद, तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची, तार, हे सगळं जवळपास गायब होतं. आता ठेक्याची रचना पाहा. सोळा मात्रांच्या तीनतालात ‘धा धिं धिं धा’ म्हणताना डग्गा वाजतो, ही भरी. खालीवर, म्हणजे टाळी न देता हात सोडायच्या भागात, ‘धा तिं तिं ता’ येतो, तेव्हा ‘तिं तिं ता’ला डग्गा थांबतो, आणि त्या थांबण्यावरूनच खाली कळते. फोनवर डग्गा ऐकूच येत नसेल तर ‘धा’ आणि ‘ता’ सारखेच वाजतात. भरी आणि खाली यांतला फरक उरत नाही आणि सोळा मात्रांचं आवर्तन म्हणजे नुसती टकटक होते. असं संगीत मुलाला कंटाळवाणं वाटलं तर दोष मुलाचा नाही. त्याला ते अर्धंच ऐकवलेलं आहे.

म्हणून एक बरा स्पीकर घ्यावा. दीड-दोन हजारांचा ब्लूटूथ स्पीकरही फोनपेक्षा कितीतरी बरा. तो बसण्याच्या खोलीत, कानाच्या उंचीच्या फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा. कोपऱ्यात खुपसला की खर्ज फुगतो, शब्द बुडतात, आणि शेजारच्या फ्लॅटला गाणं न ऐकू येता नुसती धडधड ऐकू येते. खाली जाड रबराचा तुकडा किंवा चार घड्यांचं सतरंजीचं कापड ठेवलं की फळीची थरथर कमी होते. आवाज इतकाच, की ताटावर बसलेल्या दोघांना सूर न चढवता बोलता येईल. ‘मोठ्यानं वाजलं पाहिजे’ याचा अर्थ एवढाच, की खोलीतल्या सगळ्यांना एकच गाणं ऐकू यावं.

वेळ कोणती? जेवणाची किंवा जेवणानंतरच्या आवराआवरीची. वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे चार-पाच गाणी. प्रत्येकानं पाळीनं एक गाणं निवडायचं, लहान मुलानंसुद्धा. दुसऱ्याचं गाणं पूर्ण ऐकायचं, मध्येच बदलायचं नाही. टीव्ही बंद, आणि गाण्याचा व्हिडिओही नको. चित्र दिसलं की कान दुय्यम होतो. आठवड्याला तीन-चार दिवस जमलं तरी भरपूर. रोजचा हट्ट धरला की दोन आठवड्यांत सगळं सुटतं.

मुलं लहान असतानाच हे सुरू करण्याला कारण आहे. साधारण आठ वर्षांपर्यंत मुलांचा कान मोकळा असतो. अनोळखी संगीतालाही ती सहज संधी देतात. पुढे तो मोकळेपणा कमी होतो, ‘हे आपलं, हे दुसऱ्यांचं’ अशी विभागणी सुरू होते आणि मित्रांचं वजन वाढतं. पहिली-दुसरीतल्या मुलाला धृपद, कव्वाली, गझल, आदिवासींची फुंकून वाजवायची पावरी, शहनाई यातलं काहीही परकं नसतं. तेव्हा एकाच चवीचं ऐकवू नये. एखादं गाणं अति वाजवूनही चालत नाही. ओळख वाढते तशी आवड वाढते, पण एका मर्यादेनंतर तेच गाणं कंटाळा आणतं.

शास्त्रीय संगीताबाबत हौशी पालकांची नेहमी एक चूक होते. ते थेट पाऊण तासाचा बडा ख्याल, म्हणजे एका रागाची संथ लयीतली लांब मांडणी, लावतात, आणि दहाव्या मिनिटाला मूल उठून गेलं की निराश होतात. त्याऐवजी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरच्या ध्वनिमुद्रिका लावाव्यात. तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावत, त्यामुळे अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर या गायकांना राग तेवढ्यात उभा करावा लागला. तीन मिनिटांत मूल उठत नाही. द. वि. पलुसकरांची भजनंही याच मापाची आहेत. त्यांचे वडील, गायक विष्णु दिगंबर पलुसकर, उत्तरायुष्यात नाशिकला राहिले, इथे त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला, हे नाशिकच्या मुलांना माहीत असायला हवं. तीन मिनिटांवरून दहा मिनिटांच्या नाट्यगीतावर, तिथून वीस मिनिटांच्या मध्यलयीतल्या ख्यालावर जायला वर्षभर लागलं तरी हरकत नाही.

घरात ऐकणं बिघडतं ते बहुधा बोलण्यानं. गाणं सुरू असताना रागाचं नाव विचारलं जातं, ‘आमच्या काळी’ सुरू होतं, मुलानं लावलेल्या गाण्यावर नाक मुरडलं जातं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं स्वतःचं गाणं सगळ्यांसमोर लावणं ही तिच्या दृष्टीनं जोखीम असते. एकदा हसं झालं की ती पुन्हा लावत नाही. त्या गाण्यातलं काही खरोखर आवडलं तर सांगावं, नाही आवडलं तर निदान शांतपणे ऐकून घ्यावं. पालकांकडून मुलांकडे जसं गाणं जातं तसं मुलांकडून पालकांकडेही यायला हवं. नाहीतर ते ऐकणं राहत नाही, शिकवणी होते.

शिवीगाळीची किंवा बाईला हिणवणारी गाणी मुलं लावतील त्याचं काय? लावतील. तेव्हा गाणं संपल्यावर स्पष्ट सांगावं की या ओळीत काय खटकलं. इयरफोनमध्ये वाजलेल्या गाण्याबद्दल हे बोलणं कधीच होत नाही, कारण ते कळतच नाही. आणि लग्नाच्या हळदीत आपणच कोणत्या गाण्यांवर नाचलो, हेही मूल बघत असतं.

तांत्रिक बाजूही सांभाळावी लागते. सगळं घर एकाच खात्यावर ऐकत असेल, तर अॅप त्या खात्याच्या सवयीप्रमाणे पुढचं गाणं सुचवतं. बाळाच्या बालगीतांनी वडिलांच्या सूचना भरून जातात, आणि वडिलांच्या सूचना मुलीपुढे येतात. शक्य असेल तर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करावं, आणि एकत्र ऐकण्यासाठी एक वेगळी यादी, जिच्यात घरातला प्रत्येक जण गाणी टाकेल. यादी संपल्यावर आपोआप पुढचं वाजत राहण्याची सोय बंद करावी. ती चालू राहिली की निवड घरातल्या माणसांच्या हातून यंत्राकडे जाते, आणि शांततेची सवय मोडते.

गाणं एका पिढीकडून दुसरीकडे जायला त्याला कामाची आणि जागेची सोबत लागते. जात्यावरच्या ओव्या हे त्याचं आपलं सगळ्यात मोठं उदाहरण. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांच्या कामातून गावोगावच्या बायकांच्या लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या. एकही ओवी वर्गात बसून शिकवलेली नव्हती. पहाटे दळताना आई म्हणायची, समोर खुंटा धरून बसलेली लेक उचलायची. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले आणि ते वाचायलाच हवे होते. पण गाण्याची जागा गेली, तिथे दुसरी जागा कुणी केली नाही. पुढे काही वर्षं रेडिओनं ती भरून काढली. १९५७ साली विविध भारती सुरू झाली, आणि घरात एकच रेडिओ असल्यामुळे सगळ्यांना तेच ऐकावं लागे. कॅसेटच्या काळातही टेपरेकॉर्डर एकच होता. ही सक्ती होती, तिच्यात भांडणंही होती, पण वडिलांना काय आवडतं हे मुलाला पाठ असे.

आज तशी जागा शिल्लक आहे ती गाडीत. नाशिकहून मुंबईला किंवा पुण्याला जाताना तीन ते पाच तास चौघं एका बंद जागेत असतात. मागच्या सीटवरची दोघं कानात बोळे घालून आणि पुढचे दोघं बातम्या लावून तो वेळ घालवतात. मुंबईला जाताना कसारा घाट उतरेपर्यंत पाळीपाळीनं गाणी लावायची, असा साधा नियम केला तरी त्या प्रवासात वीस गाणी सहज होतात.

काही घरांत ही परंपरा अजून शाबूत आहे, आणि ती घरं बहुधा ‘संगीतप्रेमी’ म्हणून ओळखली जात नाहीत. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला येतात. त्यांत बापाच्या शेजारी टाळ धरून उभी असलेली सात-आठ वर्षांची मुलं पाहावीत. सुरुवातीला मूल टाळाच्या दोन्ही वाट्या सपाट आपटतं. मध्ये हवा कोंडते आणि ‘थप्’ असा मेलेला आवाज येतो. शेजारी बाप वाजवत असतो, त्याच्या हाताकडे बघून त्याला कळतं की एक वाटी किंचित तिरकी, कडेला लागली पाहिजे, आणि पकड धातूवर न घेता दोरीवर घेतली पाहिजे. मग नाद सुटतो. आठ मात्रांचा भजनी ठेका त्याच्या पायात आधी उतरतो, हातात नंतर. पुढच्यांनी चरण म्हटला की मागच्यांनी तो उचलायचा, या रीतीत हरिपाठ आपोआप पाठ होतो.

दुसरं उदाहरण भीमगीतांचं. ती लिहिणारे आणि गाणारे वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२चा, २००४ साली नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांची गाणी वस्त्यावस्त्यांत टिकली ती जलशांमुळे आणि जयंतीच्या मंडपांमुळे, आणि घराघरांत आई-वडील ती म्हणत राहिले म्हणून. तीन पिढ्या एकच गाणं एकत्र म्हणतात असं दृश्य शहरात आणखी किती ठिकाणी दिसतं? सुरगाणा-पेठच्या आदिवासी घरांत पावरी वाजवणाऱ्या बापाचा मुलगाही असाच शिकतो. या मुलांना शाळेत ‘संगीताची आवड’ या रकान्यात कुणी मोजत नाही. गॅदरिंगला त्यांची गाणी क्वचितच निवडली जातात. पालकांची आवड मुलांत उतरावी असं म्हणताना कुणाच्या पालकांची, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवा. मुलानं घरातलं गाणं शाळेत आणलं आणि तिथे ते कमी दर्जाचं ठरलं, तर ते मूल घरीही ते म्हणणं सोडतं.

आवाजाच्या मर्यादेबद्दल मात्र कुठल्याच परंपरेला सूट देता येत नाही. नाशिक ढोल हे आपलं भूषण आहे आणि मुलांना तो ऐकवावा, दुरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मुलांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचा सव्वा तास, आणि ९९ डेसिबलला नऊ-दहा मिनिटं. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी आवाज १००च्या पुढे सहज जातो. खांद्यावर बसवलेल्या दोन वर्षांच्या मुलाचे कान अगदी ताशाच्या समोर येतात. तान्ह्या मुलाला तिथे नेऊच नये. मोठ्या मुलाला कान झाकणारे मफ घालावेत. कापूस घालून फारसा फरक पडत नाही. इयरफोनसाठीही फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावण्याची सोय असते, ती पालकांनी स्वतःच्या हातानं लावून द्यावी.

आता क्लासबद्दल. नाशिकमध्ये गाण्याच्या, तबल्याच्या, हार्मोनियमच्या क्लासांना तोटा नाही, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं मोठ्या संख्येनं बसतात, आणि दहावीला त्याचे वाढीव गुण मिळत असल्यामुळे ओढा आणखी वाढला आहे. परीक्षा वाईट नाहीत, अभ्यासाला शिस्त लावतात. पण घरी कुणी गाणं ऐकतच नसेल तर मुलाला ठरावीक रागांचे ठरावीक आलाप आणि पाठ केलेल्या ताना एवढंच संगीत माहीत होतं. ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा दिलेल्या मुलानं एकही मैफल अथपासून इतिपर्यंत ऐकलेली नसते. गुण मिळाले की तबला माळ्यावर जातो. क्लास घेणाऱ्यांनी महिन्यातून एक तास शिकवणं बंद ठेवून पालकांसह ऐकण्याचा ठेवावा, आणि फी त्याचीही घ्यावी. तो शिकवण्याचाच भाग आहे.

शहराकडूनही काही मागायला हवं. पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेच्या मैफलीला लोक मुलंबाळं घेऊन येतात, कारण तिथे उघड्यावर, जमिनीवर, मांडीवर मूल घेऊन बसता येतं. नाट्यगृहातल्या मैफलीला तसं नसतं. रात्री नऊच्या पुढे लांबणारा कार्यक्रम, पाचशेचं तिकीट, मूल हललं की पुढच्या रांगेतून मागे वळून पाहणारी माणसं. कालिदास कलामंदिर, कुसुमाग्रज स्मारक, सार्वजनिक वाचनालयाचं सायखेडकर नाट्यगृह यांपैकी कुठेही महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दहा वाजता मुलांसाठी पन्नास मिनिटांची मैफल ठेवता येईल. प्रत्येक वेळी वेगळं संगीत: एकदा ख्याल, एकदा भजनी मंडळ, एकदा भीमगीतांचा जलसा, एकदा पावरी, एकदा पाश्चात्त्य व्हायोलिन. मुलाला पालकाशिवाय प्रवेश नको, पालकाला मुलाशिवाय नको. शंभराच्या आत माणसं असतील तर माइक लावू नये, म्हणजे डग्गा आणि तानपुरा जसा आहे तसा कानी पडेल. खुर्च्यांऐवजी सतरंज्या घालाव्यात, मधूनच उठून जायची मुभा द्यावी, आणि शेवटची दहा मिनिटं मुलांना वाद्यांना हात लावू द्यावा. हौशी आणि तरुण कलाकार शहरात आहेत. त्यांना मानधन देण्याइतके पैसे महापालिकेच्या सांस्कृतिक खर्चातून किंवा एखाद्या गणेश मंडळाच्या साउंड सिस्टिमच्या एका रात्रीच्या भाड्यातून सहज निघतील.